शटरवर बसलेले हे

५ नोव्हेंबर

धाकट्या भावाने जाताना ही वही हातात दिली आणि म्हणाला, ताई, एकटी असतेस, मनात येईल ते लिहीत जा. मनात सध्या एकच येतंय, की औषधवाल्या भाऊजींच्या डोक्यावर बादलीभर गार पाणी ओतावं.

नवा रस्ता गावाबाहेरून गेल्यापासून आमची गल्ली झोपलीय. एकेक करून शटरं खाली आली. आमचं, हे गेले तेव्हा आलं. उघडी आहेत ती म्हणजे भाऊजींचं औषधाचं दुकान आणि कोपऱ्यावरचा चहावाला. तर भाऊजींनी, दुकानदारांचे अध्यक्ष ना ते, शहरातून एक चित्रकार मुलगी आणलीय. ती प्रत्येक बंद शटरवर आतल्या दुकानाचं चित्र काढणार. शिंप्याच्या शटरवर शिंपी, कुलूपवाल्याच्या शटरवर कुलूपवाला. दुकानं उघडी नाहीत तर नाहीत, निदान उघडी दिसतील, असं त्यांचं म्हणणं. चित्रं बघायला लोक येतील आणि लोक आले की गल्लीत जीव येईल म्हणे.

मी म्हटलं, आमच्या शटरवर नको. तर म्हणाले, वहिनी, तुम्ही तरी डिसेंबर संपला की कुठे इथे असणार आहात?

खरं आहे ते. धाकट्याने त्याच्याकडे खोली रिकामी करून ठेवलीय. दुकान प्लास्टिकच्या खुर्च्यावाल्याला जाणार, त्याला गोदाम हवंय. आयुष्यभर वेताच्या खुर्च्या विणल्या त्या जागेत प्लास्टिकच्या थप्प्या लागणार. ह्यांनी ऐकलं असतं तर जेवले नसते.

८ नोव्हेंबर

ती मुलगी बाजूच्या दाराने आत आली. दुकानामागेच घर असल्याने सरळ स्वयंपाकघरातच. अंगावर रंगाचे डाग, केसांतसुद्धा. म्हणाली, काकू, काका कसे बसायचे ते सांगाल का? घालवून देणार होते, पण दारात चपला काढून नीट जुळवून ठेवल्या तिने. मग चहा टाकला.

सांगितलं. खुर्ची लाकडी घोडीवर उंच ठेवायची. हे वर स्टुलावर, मी खाली पाटावर. हे भिजवलेली पट्टी वरून भोकात घालायचे, मी खालून ओढून घट्ट करायची आणि शेजारच्या भोकातून परत वर द्यायची. उभी, आडवी, मग तिरकी. दिवसभरात ह्यांच्या तोंडून दोनच शब्द निघायचे, "ओढ अजून."

तिने विचारलं, मग विणायचं कोण? म्हटलं, हेच की. मी आपली खालची. तर म्हणे, कसं ओढायचात ते दाखवा. हवेतच दाखवलं. ती मांडीवर कागद घेऊन बसली होती, पण कागदाकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघत होती. अशाने चित्र कसं यायचं? ओढून ओढून माझ्या अंगठ्याचं नख वाकडं वाढलंय, त्याचीसुद्धा चौकशी. नको तिथे लक्ष पोरीचं.

ह्यांचा काम करतानाचा फोटो एकही नाही. ओळखपत्रावरचा होता तो दिला. त्यात हे पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात.

१४ नोव्हेंबर

काम सुरू झालं. मी पुढच्या बाजूला फिरकत नाही, बाजूच्या दारानेच ये-जा करते. बाहेर ब्रश फिरला की आत खसखस ऐकू येते. आज कपाट आवरायचं म्हणून अंधाऱ्या दुकानात बसले होते. कपाट राहून गेलं.

१९ नोव्हेंबर

झालं म्हणाली, म्हणून संध्याकाळी बघायला गेले.

चेहरा आलाय. काम करताना खालचा ओठ दातांत धरायचे तोसुद्धा आलाय. हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे. पायातल्या चपलेचा अंगठा तुटलेला दाखवलाय, तो मात्र मीच बोलता बोलता बोलून गेले असणार. अगदी जवळ जाऊन बघितलं. पदराला ओला रंग लागला.

पण हात साफ चुकले. ह्यांची बोटं आखूड आणि जाड. हिने लांब काढलीत, सांधे फुगलेले, अंगठ्याचं नखही वाकडं. स्पष्ट सांगितलं मी तिला. "हो का," म्हणाली, "बदलू?" म्हटलं, राहू दे आता, हाताकडे कोण बघतंय.

आणखी एक. शटरला ह्यांच्या हाताजवळ गंजून भोक पडलंय. तिने ते बुजवलंच नाही. चित्रातली वेताची पट्टी ह्यांच्या हातातून निघते, त्या भोकापर्यंत येते आणि तिथेच संपते. म्हटलं, अगं, आधी लांबी भरून भोक बुजवायचं, मग रंग लावायचा, एवढं तर भिंत रंगवणाऱ्यालाही कळतं. हसली. असू दे म्हणाली. कंटाळा केला असणार.

२३ नोव्हेंबर

रविवार. गल्लीत इतकी माणसं मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. गाड्या लावायला जागा नाही. चहावाल्याने दुसरी शेगडी पेटवली, बायकोलाही हाताशी बोलावून घेतलं. भाऊजींकडच्या पाण्याच्या बाटल्या दुपारीच संपल्या, तर ते लोकांना खोकल्याच्या गोळ्या देत होते. छाती अशी पुढे काढून फिरत होते की शर्टाचं बटण तुटायचं बाकी राहिलं होतं.

ह्यांच्याजवळ उभं राहून सगळे फोटो काढत होते. एकीने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हे असते तर लाजून आत पळाले असते. मला बरं वाटलं की वाईट, ते काही कळलं नाही. जेवण गेलं नाही.

२७ नोव्हेंबर

आज शटर वाजलं. मी आत होते, दुकानात. हल्ली आवराआवर काढलीय, त्यामुळे बसणं होतं तिथे.

एक नवराबायको बसायची जागा फाटलेली खुर्ची घेऊन आले होते. चित्र बघून त्यांना दुकान चालू आहे असंच वाटलं. बाई नवऱ्याला म्हणत होती, आईची खुर्ची आहे, कोणी विणून देणारं असलं तर बघू. तेवढ्यात समोरून भाऊजींचा आवाज. "अहो, ते नुसतं चित्र आहे. आत कोणी नाही."

मी शटरच्या ह्या बाजूला वीतभर अंतरावर उभी होते. ओ द्यावी असं वाटलं. ओ देऊन सांगायचं तरी काय? विणणारे गेले, मी खालची आहे, असं? पावलं लांब गेलेली ऐकू आली.

आत कोणी नाही म्हणे. अजून डोकं फिरलेलंच आहे.

२८ नोव्हेंबर

चित्रकारणीचा डबा राहिला होता माझ्याकडे, तो द्यायला तिच्या खोलीवर गेले. खोली कसली, जिन्याखालची जागा. चटई, रंगाचे डबे आणि एक वेताची खुर्ची. तिची बसायची जागा फाटून लोंबतेय आणि त्यावर ही फळी टाकून बसते. मला ते बघवेना. खुर्ची डोक्यावर घेऊन घरी आले. लोक बघत होते, बघेनात का.

ह्यांनी जपून ठेवलेल्या पट्ट्यांचा एक भारा माळ्यावर आहे. टबात भिजत घातला. त्या वासाने सगळं घर पुन्हा पूर्वीसारखं झालं.

२ डिसेंबर

काय झालं ते लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते.

आधी ह्यांच्या स्टुलावर बसून पाहिलं. हातांना काही सुचेना. वरून ती खुर्ची ओळखीचीच वाटत नव्हती. मग वैतागून ती उलटी केली, पाय वर, म्हणजे मला आयुष्यभर दिसली तशी. आणि काय सांगू, हात आपोआप चालायला लागले. उभी, आडवी, तिरकी, कुठे अडखळले नाही. जेवणाचं भान राहिलं नाही. आज कड बांधली, शेवटचं टोक कापलं, खुर्ची सरळ केली आणि मटकन खाली बसले.

सगळी वीण खुर्चीच्या पोटाला. वरच्या बाजूला कडेने नुसते टाके. खालूनच बघत आले ना, तर मला खालचंच वर वाटायला लागलंय. इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते काही थांबेना.

ती खुर्ची न्यायला आली तेव्हा अशी बसले होते. म्हटलं, तुझी खुर्ची वाया घालवली गं, उसवून देते. तिने आधी बसून पाहिलं. ताटात बसल्यासारखी खोल गेली. मांडी घालून तिथेच बसून राहिली, उठेना. मग विचारलं, "काकू, ही वीण कोणाची?"

"माझीच की. दुसऱ्या कोणाची असणार? फसली म्हणून काय झालं."

"म्हणजे विणता येतं तुम्हाला."

उसवू तर दिलंच नाही तिने, तशीच उचलून घेऊन गेली.

६ डिसेंबर

युक्ती सापडली. भिंतीवरचा आरसा काढला आणि खुर्चीखाली जमिनीवर ठेवला. मी वर ह्यांच्या स्टुलावर. खाली आरशात मला माझी बाजू दिसते. हाताने वरून घालायचं, डोळ्यांनी खालून बघायचं. घरातली मोडकी खुर्ची घेऊन पाहिलं, जमतंय. हळू होतं, पण जमतंय.

एकदा वाकून बघताना आरशात मीच दिसले, खाली बसलेली. "ओढ अजून," म्हटलं तिला.

७ डिसेंबर

रविवार. ते नवराबायको परत आले, चहा प्यायला म्हणून. मी बाजूचं दार उघडून सरळ बाहेर गेले आणि म्हटलं, आणा ती खुर्ची. बाई इतकी खूश झाली की माझा हातच धरला तिने. खुर्ची गाडीतच होती. त्यांचं बघून आणखी दोघांनी विचारलं. एकीकडे झोपाळ्याची बैठक आहे, एकाकडे आजोबांची आरामखुर्ची.

१० डिसेंबर

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. चुलीपुढे खुर्ची, टबात पट्ट्या, आणि उजेड कसला तो नाहीच. काल एक तिरकी पट्टी चुकीच्या भोकात गेली आणि दुपारभराचं काम उसवावं लागलं. हे काम उजेडाचं आहे. दुकान पुढे रिकामं पडलंय आणि मी मागे डोळे फोडतेय.

शटर वर करायचं मनात आहे असं भाऊजींना नुसतं म्हटलं, तर धावत आले. बसले, पाणी प्यायले आणि शांतपणे सगळं मांडलं. म्हणाले, वहिनी, काम करा, कोण नको म्हणतंय, पण मागे करा. प्लास्टिकवाला देणार तेवढं भाडं आम्ही दुकानदार मिळून तुम्हाला देतो, तुम्ही जाऊही नका. फक्त शटर खाली राहू दे. लोक येतात ते चित्रांसाठी. तुमचं वर गेलं की उद्या शिंपी वर करेल, परवा कुलूपवाला. मग बघायचं काय लोकांनी? चहावाल्याने आत्ता कुठे मुलीला शाळेत घालायचं मनावर घेतलंय. आणि वर-खाली करून रंगाचे पोपडे निघतील ते वेगळेच.

माणूस कटकट्या आहे, पण खोटं बोलत नाही.

आणि खरं सांगायचं तर त्यांचं कारण पुढे केलं की माझं झाकलं जातं. शटर वर करायचं म्हणजे ह्यांना गुंडाळायचं. एकदा नेलं तेव्हा चार माणसं तरी होती. आता माझ्याच हाताने, रोज सकाळी? जिवावर येतं.

१३ डिसेंबर

धाकटा सामान बांधायला खोकी घेऊन आला. आधी चित्रापुढे उभा राहिला तो हलेचना. आत येऊन म्हणाला, "ताई, हे हात तुझे आहेत."

काहीतरीच. धाकट्याचे डोळे लहानपणापासून कच्चे. मी त्याला म्हटलं, चष्मा बदल. तो म्हणाला, लहानपणी याच हातांचे धपाटे खाल्लेत, मला शिकवू नकोस.

तो गेल्यावर भांडी घासताना हात बघितले. नख वाकडं आहे खरं. पण वाकडी नखं खूप जणांची असतात.

खोकी तशीच पडलीत. एकात पट्ट्या वाळत टाकल्या.

१४ डिसेंबर

चित्रकारणीला विचारलं, शटर रोज वर-खाली केलं तर चित्र किती टिकेल? म्हणाली, पत्र्याच्या सांध्यांवर तडे जातील, वर्षभरात चेहरा विटेल, मग पुन्हा काढावं लागेल.

"म्हणजे दरवर्षी यावं लागेल तुला."

"यावं लागेल," म्हणाली, आणि धुतलेलाच ब्रश परत धुवायला घेतला.

इथलं काम महिनाअखेरीला संपतंय तिचं. पुढे कुठे जाणार विचारलं तर बघू म्हणाली. बघू म्हणजे कुठेच नाही, एवढं मला कळतं. म्हटलं, दुकानावरची माडी रिकामी आहे. जिन्याखाली कशाला राहायचं? शिवाय मला जड खुर्च्या चढवायला माणूस लागतंच. उगाच दया बिया नाही, माझी सोय बघितली मी.

आणि हातांचं विचारणार होते, ते राहिलंच. राहू दे.

१७ डिसेंबर

उघडलं.

सकाळी अंघोळ करून पुढे गेले तर भाऊजी समोर उभे, हाताची घडी घालून. त्यांना कसं कळलं देव जाणे, चहावाल्याने सांगितलं असेल. "वहिनी," म्हणाले, "चित्राचं काय?" रागाने नाही, काकुळतीने.

मी म्हटलं, "भाऊजी, आत कोणी नाही म्हणून तुम्हीच सांगत होतात लोकांना. आता आहे म्हणून सांगा."

ते बाजूला झाले. मी ह्यांच्याकडे एकदा बघितलं, वाकले आणि उचललं. इतक्या दिवसांचा गंज, किती करकरलं ते. डोळे मिटायचे ठरवले होते पण मिटले नाहीत. आधी चेहरा वर गेला, मग हात, सगळ्यात शेवटी तुटक्या अंगठ्याची चप्पल. आणि उजेड आत आला तो थेट ह्यांच्या स्टुलापर्यंत. स्टुलावर धूळ होती. पुसली आणि बसले.

दिवसभर काम केलं. लोक उंबऱ्याशी थांबून बघत होते. एकाने विचारलं, इथे चित्र होतं ना? म्हटलं, दिवे लागले की या, आता ते विश्रांती घेतायत. तो खरंच थांबला, तोवर चहावाल्याकडे बसून काय काय खाल्लं त्याने.

२६ डिसेंबर

शिंप्यानेही वर केलं. शिवणयंत्राला तेल घालून बसलाय. लोकांना आता सवयच झालीय, दुपारी दुकानं बघतात, संध्याकाळी चित्रं. म्हणजे दोनदा चहा होतो. चहावाल्याची तक्रार काही ऐकली नाही मी.

गंमत भाऊजींची. त्यांचं दुकान कधी बंदच पडलं नाही, म्हणून त्यांच्या शटरवर चित्रच नव्हतं. हे त्यांना किती लागलं होतं ते आता कळलं. गुपचूप चित्रकारणीला गाठलं आणि स्वतःला काढून घेतलं, केस जरा जास्तच घातलेत तिने. आता दुपारी जेवायला जाताना शटर खाली ओढून जातात आणि पलीकडे उभे राहून लोक बघतायत का ते बघतात.

धाकट्याला निरोप पाठवला, खोलीत आता भाच्याचं टेबल टाक. रागावला नाही. म्हणाला, खोकी तरी परत दे. ती मात्र देता येत नाहीत, खोकी कामात आहेत.

३१ डिसेंबर

प्लास्टिकवाल्याला नाही म्हणून सांगितलं. बाकी आज वर्ष संपलं वगैरे काही विशेष नाही, आरामखुर्ची तेवढी संपवायची होती.

दिवे लागायच्या वेळेला आतूनच शटर खाली ओढलं. बाहेर हे बसले असतील कामाला, आत मी. रस्त्यावरचा दिवा लागला तसा त्या गंजलेल्या भोकातून उजेड आला, बारीक, नेमका माझ्या पाटाजवळ. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. चित्रातली पट्टी त्या भोकाशी येऊन संपत नव्हती. ती आत यायची होती. हे त्या बाजूला, मी ह्या बाजूला. एवढे दिवस मी त्या पोरीला आळशी म्हणत होते.

पाटावर बसले. हात मांडीवर ठेवून त्या हातांकडेच बघितलं. सांधे फुगलेले, नख वाकडं. बरोबर काढलेत.

टबात भिजलेली एक पट्टी शिल्लक होती. काही विचार केला नाही, तिचं टोक त्या भोकातून बाहेर सरकवलं, आणि ती बाहेरून ओढली गेली. मग रंगाच्या डब्यांचा आवाज आला आणि ओळखीचं हसू. माडीवर राहायला येत होती ती पोर, ह्यांच्यापुढे थांबली असणार.

मी आतून पट्टी धरली. सैल होती.

"ओढ अजून," मी म्हटलं.